उलटी बाजू नसलेला स्वेटर

मामंजींनी स्वेटर अंगातून काढला, चाचपत चाचपत त्याची चौकोनी घडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"सूनबाई, हा ट्रंकेत टाक. यंदा मला लागणार नाही."

ग्वाल्हेरचा डिसेंबर होता. बादलीतल्या पाण्यात बोट बुडवलं तरी हाडापर्यंत कळ जायची. मी घडी हातात घेतली आणि विचारलं, "मग बाहेर जाताना काय घालणार?"

"बाहेर जायचं नाही," ते म्हणाले, आणि काठी कोपऱ्यात उभी करून आपल्या खोलीत गेले.

काय झालं ते शेजारच्या बनूताईंकडून कळलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे केशवराव हर्डीकर, गावातल्या मराठी शाळेत जन्मभर कवायतीचे मास्तर होते. एखाद्या मुलाची नखं वाढलेली असोत की शर्टाचं बटण उघडं असो, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, पण ऐट नेली नाही. दाढी स्वतः करायचे, भांग स्वतः पाडायचे आणि सकाळी काठी टेकत दूध आणायला एकटे जायचे. त्या दिवशी डेअरीवर त्यांचाच एक जुना विद्यार्थी पुढे आला आणि म्हणाला, "सर, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही." बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं. पण रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, आणि मामंजींना ते ऐकू आलं.

"अगं, चेहरा असा झाला त्यांचा," बनूताई म्हणाल्या, "की दूध न घेताच परत फिरले."

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. त्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं होत होती. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढे हर्डीकर मास्तरांनी चालायचं, असं मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. त्या दिवसापासून मामंजी अंगणात रोज येरझाऱ्या घालून पाय मोकळे ठेवत होते. डेअरीवरून आले आणि संध्याकाळी शाळेत निरोप धाडला, की तब्येत बरी नाही, दुसरं कुणी बघा.

"मी रोज नीट घालून देत जाईन," मी म्हटलं.

"तू घालून देशील, मला ठाऊक आहे. म्हणूनच नको." ते म्हणाले, "दुसऱ्यानं सजवून पाठवलेला माणूस पुढे चालत नाही, सूनबाई. त्याला पुढे ढकललेलं असतं."

आमच्या ह्यांचं म्हणणं, बाजारातून नवा आणू, त्यात काय. ह्यांना नेहमीच सगळं बाजारात मिळतं.

आता माझ्याबद्दल. मी देवरूखची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायांवर चादर ओढून घेणं. लोकर मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्यावर पहिल्यांदा हातात धरली. इथे हिवाळ्यात दुपारची जेवणं झाली की गल्लीतल्या सगळ्या बायका गच्चीवर उन्हात बसायच्या, शेंगा फोडायच्या आणि सुया चालवायच्या. ज्या सुनेच्या मांडीवर लोकरीचा गुंडा नाही तिला काही येत नाही, असा सरळ हिशेब. मला बनूताईंनी शिकवलं. दोन हिवाळ्यांत मी त्यांच्या पुढे गेले. हे मी म्हणते आहे; बनूताई म्हणायच्या नाहीत.

ह्या बायकांची एक खोड होती. कुणाचा नवा स्वेटर दिसला की "छान झालाय गं" म्हणायचं आणि म्हणता म्हणता त्याची कड उलटी करून आतली बाजू बघायची. वरून सगळ्याच विणी सोज्वळ दिसतात. गाठी, लोंबते धागे, झाकलेल्या चुका, सगळं आत सापडतं. तेवढ्यावरून विणणारीची किंमत ठरायची.

मी गच्चीवर गेले आणि बनूताईंना विचारलं, "उलटी बाजूच नाही अशी वीण असते का हो?"

"पदराची असते की," त्या म्हणाल्या आणि आपल्या गळ्यातला मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला.

आता माझी नात फोनवर बघून सांगते, की आजी, ह्याला ब्रिओश म्हणतात. म्हणोत. आम्ही पदराची वीण म्हणायचो, कारण ती खरोखर तशीच असते. एक टाका विणायचा नाही, नुसता सुईवर उचलून घ्यायचा आणि त्याच्या डोक्यावरून लोकरीचा एक वेढा टाकायचा. म्हणजे टाक्यानं डोक्यावर पदर घेतला. पुढच्या ओळीत टाका आणि त्याचा पदर, दोन्ही मिळून एकच समजून विणायचं, आणि शेजारच्याला पदर द्यायचा. असं करत गेलं की जाड, फुगीर, उबदार कापड तयार होतं. त्यावर उभ्या उंच रेघा आणि त्यांच्यामध्ये खोल रेघा असतात. पलटून बघा, तिकडेही तेच. इकडची उंच रेघ तिकडे खोल, इकडची खोल तिकडे उंच.

मी मफलर मामंजींच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवली, मग पुन्हा फिरवली.

"उलटी बाजू कुठली?"

"नाहीच."

त्यांनी मफलर पुन्हा एकदा पलटून बघितला. मग म्हणाले, "उलटं-सुलटं मिटलं. पण पुढचं-मागचं? ते कसं कळायचं मला? छातीवर बोटाला लागेल असं काही तरी हवं."

"वेणी घालते," मी पटकन म्हणून गेले. स्वेटरच्या छातीवर ती पिळाची उभी वेणी असते ना, तीच. घालायला फारसं अवघड नाही. अर्धे टाके जास्तीच्या सुईवर घेऊन बाजूला धरायचे, पुढचे अर्धे आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. टाके एकमेकांना ओलांडतात आणि पीळ पडतो.

गच्चीवर बनूताईंनी हे ऐकलं आणि हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "वेणी एका बाजूनं दिसते. दुसऱ्या बाजूला नुसता गुंता. मग तुझी उलटी बाजू परत आली की नाही? आणि पदराच्या विणीत टाके ओलांडतच नाहीत. मी करून बघितलंय. भोकं पडतात."

"तुम्ही केलं तेव्हा पडली असतील," मी म्हटलं.

बनूताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या ते सगळ्यांना दिसलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मला तो परत घ्यायचा नव्हता.

भोकं पडली. अगदी बनूताईंनी सांगितली तशीच. साध्या विणीत मी तीनावर तीन टाके ओलांडत असे, तसेच इथेही मोजून तीन उचलले. पण पदराच्या विणीत सुईवर टाकाही असतो आणि त्याचा पदरही. माझी बोटं पदरालासुद्धा टाकाच मोजत होती. मग एखादा टाका इकडे यायचा आणि त्याचा पदर तिकडेच राहायचा. उसवलं, आणि पदरासकट टाके मोजले. भोकं गेली, पण कापड भलतंच दिसायला लागलं. कारण समजेना.

तो तुकडा मामंजींनी मागून घेतला. ते अंगठा वर वर सरकवत गेले आणि पिळापाशी थांबले.

"इथे रांग मोडली आहे."

"म्हणजे?"

"खाली उंच मुलगा उभा आहे. त्याच्या डोक्यावर एकदम बुटका आला. बुटक्याच्या डोक्यावर उंच. तू मुलं हलवलीस किती?"

"तीन इकडची, तीन तिकडची."

"उंच, बुटका, उंच. आणि समोरून बुटका, उंच, बुटका. मग जागा कशा जुळतील?" त्यांचा आवाज एकदम मैदानावरचा झाला. "रांगेतून रांग काढायची तर मुलं जोडीनं हलवायची. उंचाबरोबर त्याचा बुटका. एकटा कुणी निघायचा नाही. दोन जोड्या इकडून, दोन जोड्या तिकडून. करून बघ."

मी तिथेच त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. चार टाके पदरांसकट उचलले. जास्तीची सुई त्या जाड विणीत वाकडी-तिकडी होत होती म्हणून अंबाड्यातला आकडा काढला आणि ते चार त्याच्यावर अडकवून पुढे धरले. मागचे चार विणले, मग आकड्यावरचे चार. लोकर इतकी ताणली गेली की सुई कुरकुरली. आणखी काही ओळी वर गेले आणि पलटून बघितलं. इकडच्या उंच रेघा इकडच्या उंच रेघांवर चढल्या होत्या. तिकडच्या तिकडच्यांवर. वेणी दोन्हीकडून पडली होती, अगदी सारखी.

मामंजींनी हात लावला. इकडून लावला, तिकडून लावला. "शाबास," म्हणाले. कवायतीच्या मास्तरांची शाबासकी फार स्वस्त नसते. मला आतून फुलल्यासारखं झालं आणि मी ते लपवलं नाही.

मग मी हाफ स्वेटर धरला. पाठ साधी पदराची, छातीवर मधोमध रुंद वेणी. जानेवारी उजाडला तरी सुया थांबेनात. पाठ झाली आणि छाती जवळजवळ खांद्यापर्यंत आली, तेव्हा एका दुपारी मामंजींनी ती मागितली. अंगठा वेणीवरून खालून वर चालला होता. वीतभर गेला असेल, आणि थबकला.

"ही एक उजवीकडे वळली आहे. बाकीच्या डावीकडे."

मी बघितलं. खरंच होतं. एका पिळाला मी आकडा पुढे धरण्याऐवजी मागे धरला होता आणि त्याच्यावर कितीतरी विणून बसले होते. पदराची वीण उसवणं म्हणजे शिक्षा असते. टाके आणि पदर एकमेकांत असे मिसळतात की परत सुईवर घेताना कोण कुणाचा ते ओळखू येत नाही. सगळं उसवून पुन्हा विणायचं तर सव्वीस तारीख हातची जाणार.

मामंजींनी कापड खाली ठेवलं. "चालेल," म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ज्यांनी मुलाच्या बुटाची एक नाडी सैल असली तरी अख्खी रांग थांबवली, ते मला 'चालेल' म्हणत होते. म्हणजे आंधळ्याला काय, चालेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नव्हे, त्या शब्दावर.

मी कापड उचलून गच्चीवर गेले. बनूताई नेहमीच्या जागी होत्या. त्यांनी चूक बघितली आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं, हे मी मान्य केलं पाहिजे. "राहू दे गं. कुणाला दिसणार आहे?"

"त्यांना," मी म्हटलं.

आणि मी वेणीचे तेवढे आठ टाके सुईवरून सोडून दिले.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. टाके सरसर खाली उतरत गेले, चुकलेल्या पिळापर्यंत. दोन्हीकडचं कापड सुयांवर शाबूत होतं आणि मध्ये आडव्या धाग्यांची नुसती शिडी लोंबत होती, प्रत्येक टाक्याचा धागा आणि त्याला चिकटून त्याच्या पदराचा. मी पीळ योग्य दिशेला फिरवून घेतला आणि क्रोशाची सुई हातात धरली. मग एकेक रेघ वर चढवायची. टाक्यातून धागा ओढायचा, त्याचा पदर त्याच्याबरोबर घ्यायचा, शेजारच्याचा घ्यायचा नाही. एक उंच रेघ ह्या बाजूनं चढवली, की कापड पलटून तिची जोडीदारीण त्या बाजूनं. वाटेत पुढचे पीळ आले, तेही पुन्हा टाकत गेले. बायकांनी आपापल्या सुया बाजूला ठेवल्या होत्या. ऊन सरकलं तशी बनूताईंनी माझी सतरंजी धरून मला उन्हाबरोबर ओढलं. एकही धागा चुकला नाही.

शेवटचा टाका सुईवर परत बसला तेव्हा बनूताईंनी कापड माझ्या हातातून घेतलं. एक बाजू बघितली. मग खोडीप्रमाणे उलटं करून दुसरी बघितली. मग पहिली.

"आतली बाजू कुठली गं?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच हसल्या. "शिकव मला," म्हणाल्या.

एवढं एक वाक्य ऐकायला मी देवरूखहून आले होते असं त्या क्षणी मला वाटलं. मी तोरा केला नाही. म्हणजे फार केला नाही.

बाजूंच्या शिवणी कडेला कड लावून अशा जोडल्या की बोटाला उंचवटा लागू नये. गळा पुढून-मागून सारखाच ठेवला. मामंजी पुढचं-मागचं चुकलेच तर निदान गळ्याशी आवळू नये, हा माझा हेतू. तो मी त्यांना सांगितला नाही.

स्वेटर हातात दिला तेव्हा त्यांनी आधी वेणीवरून अंगठा फिरवला, खालपासून वरपर्यंत. वीतभर अंतरावर अंगठा क्षणभर रेंगाळला आणि पुढे गेला. मग ते मुद्दाम स्वेटर खाटेवर फेकायचे, उचलायचे, चाचपायचे आणि घालायचे. पुन्हा काढायचे. मी दारातून बघत होते. प्रत्येक वेळी वेणी छातीवर.

"मुख्याध्यापकांना निरोप धाड," ते म्हणाले. "म्हणावं हर्डीकर येतो आहे. धरायला माणूस नको. रस्ता सरळ आहे आणि माझ्या ओळखीचा आहे. वळण आलं की झेंडेवाल्यानं मागून सांगावं, बस."

सव्वीस जानेवारीला धुकं होतं. मामंजी लवकर उठले, दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि कुणाला हाक न मारता काठी घेऊन निघून गेले. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत फाटक वाजलंसुद्धा. मी बनूताईंना बरोबर घेतलं आणि आम्ही बाजाराच्या रस्त्याला कडेला जाऊन उभ्या राहिलो. गल्लीतल्या सगळ्या होत्या. डेअरीवाला होता. तो जुना विद्यार्थीही दिसला.

ढोलाचा आवाज आधी आला, मग धुक्यातून मामंजी आले. काठी पुढे, मान ताठ, पावलं ढोलावर. त्यांच्या मागे झेंडा, आणि मागे सबंध शाळा, दोन-दोनच्या रांगेत.

बनूताईंनी माझा दंड घट्ट धरला.

"अगं, छाती कोरी आहे."

मीही तेच बघत होते. छातीवर वेणी नव्हती. साध्या उभ्या रेघा, बस. पाठ पुढे आली होती. इतके दिवस एकदाही चुकले नाहीत, आणि नेमकं आज. थंडीनं बोटं बधिर झाली असतील, की घाई झाली असेल. मी दारात का नाही उभी राहिले? आता कुणीतरी हसेल, ते त्यांना ऐकू येईल, आणि ह्या वेळी ते दाराबाहेर कधीच पडणार नाहीत. माझे डोळे भरून आले. ढोल वाजत होता, आणि फेरी काही थांबवता येत नव्हती.

ते आमच्या समोरून गेले. पाठीच्या कण्यावरून मानेपर्यंत माझी वेणी सरळ चढत गेली होती. कुणी हसलं नाही.

शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं. मुलांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी मामंजींना गराडा घातला होता. गर्दी ओसरली तशी मी जवळ गेले.

"मामंजी," मी अगदी हळू म्हटलं, "वेणी मागे गेली."

"गेली नाही. नेली."

मला काही कळेना. बनूताई माझ्या मागून पुढे सरकल्या.

"घरी छातीवरच होती," मामंजी म्हणाले. "फाटकापाशी थांबलो, काढला, फिरवून घातला. अगं, पुढे मी एकटा. रांगेतल्या पोराला सबंध रस्ताभर काय दिसतं? पुढच्याची पाठ. जन्मभर कवायत घेतली, एवढं मला कळतं. आज अख्खी शाळा माझ्या पाठीकडे बघत चालणार होती, आणि तिथे मी तुझी साधी बाजू ठेवू?"

बनूताई म्हणाल्या, "मास्तर, फार देखणी दिसत होती."

"दिसणारच," ते म्हणाले. त्यांनी स्वेटरची कड खाली ओढून नीट केली, काठी उजव्या हातात घेतली आणि रस्त्याच्या दिशेला तोंड केलं. "चला, आता घरी. मी पुढे होतो. तुम्ही दोघी मागून या, म्हणजे तुम्हालाही नीट बघता येईल."

आम्ही मागून गेलो. घर येईपर्यंत मी त्या वेणीवरून नजर काढली नाही.